कामटीची पाठ

परळच्या आमच्या चाळीत दिवाळी सरली की कंदील उतरायचे. पतंगाचा कागद फाडून टाकला की हाती लागायच्या बांबूच्या कामट्या, आणि कामट्या मिळाल्यावर पोरं गप्प कशी बसतील? माझं पहिलं धनुष्य तिसऱ्याच बाणाला काडकन मोडलं. तळमजल्यावर एक आजोबा राहायचे, उभा जन्म गिरणीत सांचे चालवलेले, गाव कोकणात. त्यांनी तुकडा उचलला, नखानं खरवडला नि म्हणाले, "अरे, पाठ पोटाशी घेतलीस की!"

दोरी ओढली की धनुष्याची आपल्याकडची बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते. समोरची बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. दाबानं लाकूड सुरकुततं, बाक धरतं. ताणानं मात्र एकदम तुटतं. बांबूचे चिवट धागे सालीलगत दाट असतात, आत विरळ होत जातात. मी नेमकी साल आत घेतली होती. कंदील करणारा कामटी वाकवतो तेव्हा साल बाहेर ठेवतो, ते उगीच नव्हे.

भिल्लांच्या कमठ्याला, म्हणजे धनुष्याला, तर दोरीसुद्धा बांबूच्या सालीचीच. जपानी धनुष्यात बाहेरून-आतून बांबू नि मध्ये लाकूड. अमेरिकेत पाठीला हिकरीच्या लाकडाची पट्टी चिकटवतात. आपल्याकडे पाठीला बांबू नि पोटाला धामण घ्यावी. साप नव्हे, झाड! कावडीच्या दांड्याला नि धनुष्याला पूर्वापार तिचंच लाकूड.

पाठीला बांबू निवडताना पाऊस संपल्यावर, थंडीत तोडलेला घ्यावा. तेव्हा त्यात गोडवा कमी, म्हणून घुणही कमी लागतो. कोपऱ्यात उभ्या बांबूखाली पिठासारखी भुकटी दिसली तर तो मंडपालासुद्धा देऊ नका. रंधा मारायचा तो आतल्या बाजूनं. सालीला लावायचा नाही. पेराची गाठ उंच दिसते म्हणून छाटून सपाट केलीत तर धागे तिथंच कापले जातात. सफाईचा सोस इथं महागात पडतो. लाकडाची पट्टी असेल तर तिच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या पाहिजेत. रेघ मध्येच कडेला उतरली की सिलका, म्हणजे ढलपी, तिथूनच उठणार.

आता दुखणी. पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या आल्या, तर पाठीची पट्टी पोटाला भारी झाली असं समजा. बांबू दोन-तीन मिलिमीटरपर्यंत उतरवायला हवा होता. चिकटवल्यानंतर मात्र फार काही करता येत नाही. पाठीवर सिलका उठला तर ते धनुष्य ओढूच नका. मोडताना ते डोळ्यासमोरच मोडतं.

तिसरं दुखणं आपल्या मुंबईचं. मी एकदा दादरला ऐन जुलैत पट्टी चिकटवली. लाकूड हाताला कोरडं लागत होतं, पण हवेतलं पाणी पिऊन फुगलेलं. डिसेंबरात ते सुकून आवळलं, बांबू तेवढा आवळला नाही, आणि कडेनं केस जाईल एवढी फट पडली. तेव्हापासून सरसाचा डबा मी गणपती-नवरात्र उरकल्यावरच उघडतो.

यंदा कंदील उतरवाल तेव्हा एक कामटी मुलांच्या हाती द्या. आधी साल आत, मग साल बाहेर ठेवून वाकवायला सांगा. बाण मात्र नको. समोरच्या गॅलरीत कुणी ना कुणी उभं असतंच.