दर्यांतील शिल्लक

मुंबईच्या मासळीबाजारांत पापलेट घेणारी गृहिणी मोठी चोखंदळ असते. कल्ला उचलून त्याचा रंग ती पाहते, बोटानें अंग दाबून ताजेपणा अजमावते आणि मग कोळणीशीं भावाची घासाघीस करते. पण हें पापलेट किती वयाचें आहे, आणि अंडीं घालण्याची संधि त्याच्या जन्मांत त्याला एकदां तरी मिळाली होती कीं नाहीं, हे दोन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. मत्स्यशास्त्राचा बराचसा व्याप या दोन प्रश्नांभोंवतींच आहे.

माशाचें वय सांगणारी जन्मपत्रिका त्याच्या डोक्यांतच असते. कानाच्या जागीं चुन्याचा एक बारीक खडा असतो व त्यावर दिवसेंदिवस थर चढत जातात. वाढीच्या दिवसांत थर रुंद, थंडींत अरुंद. खडा कापून भिंगाखालीं धरला म्हणजे झाडाच्या बुंध्याप्रमाणें वलयें दिसतात. थंड समुद्रांत हीं वलयें ठळक उमटतात. आपल्याकडे पाणी बारमाही उबदार, त्यामुळें तीं पुसट असतात. म्हणून येथील शास्त्रज्ञांना हजारों माशांची लांबी मापून वयाचा अंदाज बांधावा लागतो.

माशांच्या वंशवृद्धीचा हिशेब वरवर पाहतां फार उदार दिसतो. अटलांटिक महासागरांतील कॉड माशाची एक थोराड मादी एका हंगामांत कित्येक लक्ष अंडीं घालते. पण त्यांतील बहुतेक सारीं अंडीं व पिलें दुसऱ्याच्या पोटांत जातात, किंवा अन्नावांचून मरतात. नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान योर्ट यांनीं १९१४ सालीं असें दाखवून दिलें कीं, एखाद्या वर्षीं पिलें भरपूर जगतात, आणि मग पुढें अनेक वर्षें जाळ्यांत मुख्यत्वें त्याच वर्षाचे मासे येत राहतात. १९०४ सालीं जन्मलेल्या हेरिंग माशांनीं नॉर्वेच्या कोळ्यांना अशीच दीर्घकाळ साथ दिली. असें वर्ष केव्हां उगवेल हें आधीं सांगतां येत नाहीं. तें उगवेपर्यंत समुद्रांत प्रौढ मासे शिल्लक असावे लागतात. त्यांतही थोराड माद्या, कारण त्यांचीं अंडीं संख्येनें पुष्कळ व बहुधा सकसही असतात. बाजारांत सर्वांत जास्त भाव नेमका अशांनाच येतो.

ब्रिटिश शास्त्रज्ञ ई. एस. रसेल यांनीं १९३१ सालीं हा सारा व्यवहार चार रकमांत मांडला. नव्यानें भरती होणारे मासे आणि असलेल्या माशांची वाढ, या दोन जमेकडे. आपोआप मरणारे मासे आणि माणसानें पकडलेले मासे, या दोन खर्चाकडे. चौथ्या इयत्तेंतील मुलालाही समजावी अशी ही वही आहे. माणसाच्या सर्वस्वीं हातांत असलेली रक्कम मात्र एकच, ती शेवटची. पहिल्या महायुद्धांत उत्तर समुद्रांतील मासेमारी पुष्कळशी थांबली होती. युद्धानंतर गलबतें पुन्हां बाहेर पडलीं तेव्हां मासे संख्येनें वाढलेले व अंगानें भरलेले आढळले. कोणत्याही प्रयोगशाळेला जो प्रयोग परवडला नसता, तो असा अनायासें घडला.

समुद्र अक्षय आहे, ही समजूत केवळ अडाण्यांची नव्हती. १८८३ सालीं लंडनच्या मत्स्यप्रदर्शनांत टॉमस हक्सले यांच्यासारख्या विद्वानानें असें मत दिलें होतें कीं, कॉड, हेरिंग अशा मोठ्या मासळीचा साठा माणसाच्या हातून संपण्याचा संभव नाहीं. त्या वेळच्या होड्या व गळ पाहतां त्यांच्या म्हणण्याला आधारही होता. बदललीं तीं साधनें.

न्यूफाउंडलंड बेटाजवळच्या समुद्रांत कॉड इतका दाट होता कीं, १४९७ सालच्या जॉन कॅबटच्या सफरीनंतर सुमारें पांच शतकें तेथील माणसें त्याच्यावर जगलीं. १९५० नंतर तेथें प्रचंड यांत्रिक जहाजें आलीं. तीं रात्रंदिवस जाळें ओढीत व मासळी तेथल्या तेथें कापून गोठवीत. १९६८ सालीं या एका साठ्यांतून सुमारें ८ लक्ष टन कॉड काढण्यांत आला. १९७७ सालीं कॅनडानें २०० सागरी मैलांपर्यंत आपला हक्क बजावून परक्या जहाजांना आळा घातला, पण मग त्यांची जागा घरच्याच जहाजांनीं घेतली. किनाऱ्यालगतचे कोळी तक्रार करीत होते कीं, मासा लहान येतो व कमी येतो. सरकारी अंदाज मात्र आशादायक असत. त्याचें एक कारण ध्यानांत ठेवण्याजोगें आहे: कॉड कमी झाला तरी तो थवे करून राहतो, आणि मोठ्या जहाजांना यंत्रानें थवा हुडकतां येतो. त्यामुळें साठा आटत असतांही दर तासाची पकड चांगली दिसत राहिली. पाण्याचें गारठणेंही कांहीं अंशीं कारण असावें, असें कित्येकांचें मत आहे. २ जुलै १९९२ रोजीं मासेमारी बंद करावी लागली व सुमारें ३० हजार लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांची म्हणून घातलेली ही बंदी ३२ वर्षें टिकली. २०२४ सालीं ती उठली तेव्हां परवानगी मिळाली ती १८ हजार टनांची.

आतां आपल्या पापलेटाकडे वळूं. दक्षिण कोकणांत सरंगा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या माशाला महाराष्ट्र शासनानें २०२३ सालीं राज्यमाशाचा मान दिला. त्याच वर्षीं ५४ जातींच्या मासळीसाठीं पकडीची किमान लांबीही ठरविण्यांत आली. कागदावर हें ठीक आहे. समुद्रांत जाळें फूटपट्टी घेऊन बसत नाहीं. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांची यांत्रिक नौकांची बंदी आपल्या लोकांस चटकन पटते, कारण नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होडी लोटण्याची चाल कोळीवाड्यांत पूर्वापार आहे. तिच्या मुळाशीं वादळाचें भय होतें, तरी मासळीला त्यांतून विसांवा मिळालाच.

कठीण प्रश्न डोल जाळ्याचा आहे. बोंबील व जवळा यांसाठीं हें जाळें भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड करून रोंवतात, आणि ओढीबरोबर येईल तें आंत शिरतें. जवळा बारीक, म्हणून शेवटच्या पिशवीचा आस अगदीं लहान. त्यांत तळहाताएवढींही नसलेलीं पापलेटें सांपडतात. सातपाटीकडच्या, पापलेटावर पोट असलेल्या कोळ्यांची ही जुनी तक्रार आहे. पण डोल लावणाराही कांहीं सावकार नव्हे. जवळा व बोंबील सोडले तर त्याच्या चुलीचें काय, याचें उत्तर कायद्यांत नाहीं. हीं लहान पापलेटें परत पाण्यांत टाकूनही भागत नाहीं, कारण टोपलींत येईपर्यंत तीं बहुधा मेलेलीं असतात. ओढत्या जाळ्यांना चौकोनी आस लावला तर तो ताणाखालीं मिटत नाहीं व पिलें निसटतात. डोलीस तसाच मोठा आस लावला तर पापलेटाच्या पिलांबरोबर जवळाही निघून जाईल. तेव्हां मार्ग उरतो तो एकच: कोणत्या महिन्यांत, कोणत्या वांवांत पिलांची गर्दी असते तें शोधून तेवढ्यापुरती डोल उचलणें. तें कळण्यासाठीं १९४७ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचीं माणसें बंदरोबंदरीं जातात, आणि कोळणींच्या गलबल्यांत, ओल्या फरशीवर बसून, एकेक मासा पट्टीवर ठेवून त्याची लांबी वहींत उतरून घेतात.