ग्वाल्हेरला गेलेलं पत्र

(नाशिक येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘रीजन्सी प्रेमकथा’ असा विषय छापलेला पाहून पुढच्या दोन रांगांतली ज्येष्ठ मंडळी बिचकली असतील, आणि मागे उभी असलेली कॉलेजची मुलं नेमकी त्यासाठीच आली असतील. दोघांच्याही पदरात थोडंथोडं पडेल असं बघतो.

ही रीजन्सी म्हणजे काय, ते आधी सांगून टाकतो. इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जला वेड लागलं, तेव्हा १८११ ते १८२० अशी नऊ वर्षं त्याच्या मुलानं बापाच्या वतीनं कारभार पाहिला. तो हा काळ. जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ साली आली, ती याच काळात. आणि याच काळात, १८१८ साली, पेशवाई बुडाली आणि आपलं नाशिक कंपनी सरकारच्या हाती गेलं. तिकडे दिवाणखान्यात कोण कुणाबरोबर किती वेळा नाचलं याची कुजबुज, आणि इकडे त्र्यंबकच्या किल्ल्यावर तोफांचा मारा! पुढे जॉर्जेट हेयर या लेखिकेनं १९३५ च्या ‘रीजन्सी बक’सारख्या कादंबऱ्यांतून त्या काळातल्या प्रेमकथांचा एक साचाच पाडला. आता ‘ब्रिजर्टन’मुळे तो तुमच्या नातींच्या मोबाइलवर येऊन पोचला आहे.

साचा असा. नायक ड्यूक किंवा अर्ल, इस्टेट मोठी, स्वभाव हट्टी. नायिका हुशार, जिभेची तिखट, आणि लग्न म्हटलं की चार पावलं मागे सरणारी. तो हट्टाला पेटतो, ती नाही म्हणते. तीनशे पानं हेच चालतं आणि शेवटी ती हो म्हणते. वाचक नायकाच्या चिकाटीवर भाळतात. माझं लक्ष मात्र नायिकेकडे जातं. ती पहिल्याच प्रकरणात ‘नाही’ म्हणते, ते तिला परवडतं कसं? ऑस्टिनला हा प्रश्न पक्का ठाऊक होता. तिची एलिझाबेथ कॉलिन्सला नाकारते आणि डार्सीच्या पहिल्या मागणीलाही धुडकावते. आणि त्याच वेळी बाप गेला की राहतं घर हातचं जाणार, हेही ती जाणून असते. त्या नकारात धोका आहे, म्हणून त्याला वजन आहे. नंतरच्या साचेवाल्यांनी नायिकेच्या नावे वारसा लिहून दिला, आणि नकार स्वस्त झाला.

आपल्या रंगभूमीनंही ही जोडी हौसेनं नाचवली. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’वरून ‘त्राटिका’ लिहिलं आणि गणपतराव जोशींनी ते गाजवलं. त्यात लग्नाला न वळणाऱ्या बाईला वळवणं हाच खेळ. मार्च १९११ मध्ये खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं. त्यात श्रीमंत भामिनी गरीब शिपाईगड्याला नको म्हणते आणि अखेर त्याच्याच गळ्यात माळ घालते. बालगंधर्वांची भामिनी पाहायला महाराष्ट्र लोटला. प्रेमाच्या नाटकांविषयी वसंत कानेटकरांच्या गावात मी जास्त बोलू नये. एवढंच म्हणतो, की या नाटकांत बाईचा नकार हा पडद्यामागे ठेवलेला होकार असतो, आणि टाळ्या पडतात त्या पडदा सरकला म्हणून.

खऱ्या आयुष्यात नकाराला किंमत मोजावी लागे. मुंबईच्या रखमाबाईंचं लहानपणी लग्न झालं होतं. सासरी जायला त्यांनी नकार दिला आणि १८८४ पासून खटला चालला. १८८७ साली हायकोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. तुरुंग पत्करेन, म्हणाल्या. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, त्या लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन आल्या. त्यांच्यामागे ना ड्यूक होता ना इस्टेट.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती तुमच्या जिल्ह्यातून सुरू होते.

मालेगाव तालुक्यातलं कवळाणे. तिथल्या काशीराव गायकवाडांचा गोपाळ नावाचा मुलगा. बडोद्याच्या मल्हाररावांना इंग्रजांनी १८७५ साली गादीवरून दूर केलं. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणीला, जमनाबाईंना, दत्तक घ्यायचा होता, म्हणून गायकवाडांच्या या शाखेतली मुलं बडोद्याला नेली. कशाला आलास, असं विचारल्यावर गोपाळनं राज्य करायला आलो, असं उत्तर दिलं, ही कथा तुम्ही शाळेत ऐकली असेल. बाराव्या वर्षी तो सयाजीराव झाला. त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी निवड दुसऱ्यांनी केली होती. एवढं ध्यानात असू द्या.

या सयाजीरावांचं काम सांगायचं तर व्याख्यानमालाच लावावी लागेल. मी फक्त आजच्या कामाचं तेवढं घेतो. त्यांनी १९०४ साली बालविवाहाला बंदी घालणारा कायदा केला. १९०६ साली संस्थानभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं, मुलींसाठीसुद्धा. १९३१ साली हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क दिला. मुंबई प्रांताला तसा कायदा करायला १९४७ उजाडलं. म्हणजे कवळाण्याच्या पोरानं बडोद्यातल्या बायकांना जे दिलं, ते कवळाण्यातल्या बायकांना मिळायला आणखी सोळा वर्षं लागली. त्यांच्या राणी चिमणाबाईंच्या नावावर तर भारतीय स्त्रीच्या सार्वजनिक जीवनातल्या स्थानाविषयीचा इंग्रजी ग्रंथच आहे. त्याचं साल १९११. हे साल आज पुन्हा पुन्हा येणार आहे.

अशा घरातली एकुलती एक मुलगी इंदिराराजे. जन्म १८९२ चा. शिकलेली, देखणी, परदेश पाहिलेली, आणि एकोणीस वर्षांची होईपर्यंत अविवाहित. त्या काळच्या राजघराण्यात हीच बातमी होती. तिचं लग्न ठरलं ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी. ते पस्तिशीचे, त्यांचं पहिलं लग्न झालेलं, मूल नव्हतं. मराठ्यांची दोन बलाढ्य घराणी एकत्र येणार म्हणून सगळे खूश. ग्वाल्हेरचा रिवाज जुना होता, राण्या पडद्यात राहत. म्हणजे मुलगी पडद्यात जाणार, आणि तीही दुसरी राणी म्हणून.

डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्जचा दिल्ली दरबार भरला. सयाजीराव बादशहासमोर पुरेसे झुकले नाहीत, पाठ फिरवून गेले, असा इंग्रजी वर्तमानपत्रांनी गिल्ला केला, आणि त्यांना व्हाइसरॉय हार्डिंगकडे खुलासा पाठवावा लागला. इतिहासाच्या पुस्तकात दरबार म्हटला की हाच प्रसंग येतो. त्याच दिवसांत, त्याच तंबूंच्या गावात, त्यांच्या मुलीला कूचबिहारच्या महाराजांचा धाकटा भाऊ भेटला. जितेंद्रनारायण. पंचविशीचा, उमदा, गप्पिष्ट. बापाची पाठ जगानं पाहिली. मुलीच्या मनात काय चाललंय ते आईबापांना कळलं नाही.

इंदिरानं कुणाला विचारलं नाही. तिनं सरळ शिंद्यांना पत्र लिहिलं, की मला हे लग्न करायचं नाही. ग्वाल्हेरहून बडोद्याला तार आली की राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय. घरात स्फोट झाला तो ती तार हाती पडल्यावर.

मंडळी, या पत्रापाशी मला जरा थांबायचंय. रीजन्सी कादंबरीत नायिका दिवाणखान्यात, समोरासमोर, चमकदार वाक्यांत नकार देते. इथे मुलीनं पत्र लिहिलं, तिकीट लावलं, पेटीत टाकलं. त्यासाठी लिहिता यावं लागतं. आपला शब्द आपणच पाठवू शकतो ही समज यावी लागते. बालविवाह झालेला नसावा लागतो. तो झाला असता तर तिच्या नशिबी रखमाबाईंचं कोर्ट होतं. या तिन्ही गोष्टी तिला कुणी दिल्या? बापानं. आणि त्या वापरल्या म्हणून चिडला कोण? तोच.

सयाजीरावांना ढोंगी म्हणणं सोपं आहे आणि मला ते मान्य नाही. कूचबिहार म्हणजे बंगालच्या टोकाचं संस्थान. बडोद्याला एकवीस तोफांची सलामी, त्यांना तेरा. ते मराठा नव्हेत, घराणं ब्राह्मो वळणाचं, राहणी विलायती. जितेंद्र तर गादीवरही नव्हता. त्यात दरबारानंतर इंग्रज सरकारची नजर वाकडी झालेली. अशा वेळी ग्वाल्हेरसारखं सरकारच्या मर्जीतलं घराणं दुखावायचं? माझा तर्क असा, की त्यांच्यातल्या बापापेक्षा राज्यकर्ता जास्त घाबरला. दुसरंही एक आहे. आपल्याला बाराव्या वर्षी कुणीतरी निवडलं आणि त्यातून सगळं चांगलंच झालं, असा अनुभव असलेल्या माणसाला मुलीचं ‘मीच निवडीन’ हे म्हणणं पचायला जड जातं.

आणि आता आपल्या कथेतला हट्टी सरदार येतो. जितेंद्रनं माघार घेतली नाही. पुढची दीड-दोन वर्षं आईबापांचा पहारा, आणि पहाऱ्याच्या फटीतून भेटी, टोपणनावांनी पत्रं. त्यांच्या मुलीनं, जयपूरच्या गायत्रीदेवींनी, १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत हे सारं मिश्कीलपणे सांगितलं आहे. हेयरबाईंच्या नायकात आणि याच्यात मोठा फरक आहे. तो नायक ‘नाही’ला ‘हो’ करण्यासाठी झटतो. जितेंद्रला त्याची गरज नव्हती. मुलगी त्याची कधीच झालेली होती, हट्ट होता तो जगाशी. आणि ज्यांना ‘नाही’ ऐकावं लागलं ते शिंदे? संस्थानिकाला सूड उगवायचे मार्ग काय थोडे असतात! त्यांनी मात्र दुसरीकडे लग्न केलं, १९१६ साली त्यांना वारस झाला, जिवाजीराव. या कथेत शिंद्यांकडे कोणी पाहत नाही. मला ते पाहण्यासारखे वाटतात.

शेवटी आईबापांनी हात टेकले, पण मांडवात यायला तयार झाले नाहीत. १९१३ च्या उन्हाळ्यात लंडनच्या एका हॉटेलात ब्राह्मो पद्धतीनं लग्न लागलं. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षं होत होती, कुणाच्या ध्यानात असेल असं नाही.

मुलाची आई मात्र होती. तिचीही एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय ही पुरी होत नाही. सुनीतीदेवी या ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांच्या कन्या. १८७२ चा विवाह कायदा व्हावा म्हणून केशवचंद्र झटले, त्यात मुलीचं वय किमान चौदा ठरलं. आणि १८७८ साली त्यांनीच आपली चौदाही पुरी न झालेली मुलगी कूचबिहारच्या राजाला दिली. ब्राह्मो समाज त्यावरून फुटला, साधारण ब्राह्मो समाज वेगळा झाला. बंगालचा सुधारक राजवाड्याचं स्थळ आलं तेव्हा आपल्याच कायद्याला विसरला; बडोद्याचा सुधारक आपल्याच शिक्षणाला बिचकला. आणि या दोघांच्या लेकी सासूसुना झाल्या. त्या दोघी आपापल्या वडिलांविषयी एकमेकींशी काय बोलल्या असतील, ते ऐकायला मिळालं असतं तर मी दहा रीजन्सी कादंबऱ्या ओवाळून टाकल्या असत्या.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत जितेंद्रचा थोरला भाऊ वारला आणि बडोद्यानं नाकारलेला जावई महाराजा झाला. मुलं पाच झाली, बडोद्याचं दारही उघडलं, नातवंडं आजोळी राहून गेली. पण संसार नऊच वर्षांचा. डिसेंबर १९२२ मध्ये, छत्तिसाव्या वाढदिवशी, जितेंद्र लंडनमध्ये गेला. इंदिरा तेव्हा तिशीची. मुलगा अज्ञान, म्हणून संस्थानचा कारभार तिच्याकडे आला, रीजंट म्हणून. तिनं तो मुलगा वयात येईपर्यंत चालवला.

लोक मला विचारतात, एवढं करून सुख किती मिळालं? नऊ वर्षांच्या हिशेबानं तो नकार बरोबर की चूक, हे ठरवण्यात मला रस नाही. ग्वाल्हेरचा संसारही काही शंभर वर्षांचा झाला नसता. शिंदे १९२५ साली पॅरिसमध्ये वारले.

शेवटची एक गोष्ट, मग चिठ्ठ्या घेतो. इंदिराराजेंच्या मुलीवर, गायत्रीवर, जयपूरच्या मानसिंहांचं मन बसलं. पोलो खेळणारे, रुबाबदार, दोन राण्या आधीच घरात. हा सरदार खरा साच्यातला, वर्षानुवर्षं मागे हटला नाही. मुलगी हो म्हणत होती. नको म्हणत होती ती आई. अनेकांना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. दुसरी राणी व्हायचं नाही म्हणून जिनं ग्वाल्हेर सोडलं, तिला लेकीनं तिसरी व्हावं हे रुचेल कसं? तिनं समजावलं, थांबायला लावलं, मुलगी ऐकेना. मग ९ मे १९४० रोजी लग्न झालं, ते कूचबिहारला. आईनं न पटलेलं लग्न आपल्या घरी, आपल्या हातानं लावून दिलं.

आता चिठ्ठ्या द्या. पहिली चिठ्ठी शिंद्यांबद्दल असली तर मला आवडेल.