पार्लर, पेन आणि ओठांचं इंजेक्शन

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत उपकेंद्राच्या आरोग्य सेविका ताईंनी केलेलं भाषण)

आज मी लोहाच्या गोळ्यांवर बोलणार नाही, घाबरू नका. आपल्यातल्या एकीचा कर्जाचा अर्ज आलाय, त्याबद्दल अध्यक्षताईंनी मला बोलायला सांगितलं. अर्ज पार्लरसाठी आहे. खुर्ची, वॅक्सचा हीटर, आरसा, आणि शेवटी ‘हायल्युरॉन पेन’. तिची परवानगी घेऊनच बोलतेय. बाई कष्टाळू आहे, पार्लर चांगलं चालवते. माझं म्हणणं फक्त त्या शेवटच्या वस्तूबद्दल आहे.

हे पेन म्हणजे सुई नसलेलं इंजेक्शन. दाब देऊन ते फिलर कातडीत घुसवतं. फिलर म्हणजे जेलसारखा पदार्थ. ओठ जाड दिसावेत, गाल भरावेत, डोळ्यांखालचा खड्डा बुजावा म्हणून तो भरतात. बोटॉक्स वेगळं, ते स्नायू ढिला करतं. फिलर जागा भरतं. बरेचसे फिलर हायल्युरॉनिक ॲसिडचे असतात. हा पदार्थ आपल्या शरीरातही असतो, म्हणून विकणारे सांगतात, “नैसर्गिक आहे, काही होत नाही.”

सूज येणं, काळंनिळं पडणं, दुखणं हे तर चांगल्या डॉक्टरांकडेही होतं, आणि बहुतेकदा काही दिवसांत ओसरतं. कधी गाठी राहतात, कधी जंतुसंसर्ग होतो. खरी भीती वेगळी आहे. ठिबकच्या नळीत कचरा अडकला की पुढची झाडं वाळतात ना? तसंच फिलर रक्तवाहिनीत गेलं की पुढच्या कातडीला रक्त मिळत नाही आणि ती मरते. नाकाच्या आणि कपाळाच्या रक्तवाहिन्या आत डोळ्याच्या रक्तवाहिनीशी जोडलेल्या आहेत. दाबाने जेल उलटं सरकून डोळ्यापर्यंत गेलं तर दृष्टी जाते. मेंदूकडे गेलं तर झटका येतो. असं क्वचित होतं, पण डोळ्याच्या पडद्याला तासा-दीड तासात कायमची इजा होऊ शकते. तेवढ्या वेळात आपल्या गावातून कुठे पोचणार?

हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर विरघळवणारं औषध आहे, हायल्युरोनिडेज. डॉक्टर ते हाताशी ठेवतात. पार्लरमध्ये ते नसतं, आणि कधी द्यायचं हेही तिथे कळणार नाही. दुसऱ्या जातीच्या फिलरवर तर ते चालतही नाही. स्वस्तात सिलिकॉन टोचणारेही आहेत, ते जन्मभर अंगात राहतं. पेनने जेल किती खोल आणि कुठे जाईल यावर ताबा राहत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ साली असली बिनसुईची पेनं फिलरसाठी वापरू नका, असं लोकांना सांगितलं.

माझ्याकडे एक मुलगी आली होती. लग्न आठ दिवसांवर, ओठ टम्म सुजलेले, आत पू. शहरातल्या कुठल्याशा पार्लरमध्ये करून घेतलं होतं. तीन दिवस ओढणीत तोंड लपवून बसली, आई रागावेल म्हणून. तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात पाठवलं, बरी झाली. मला राग तिचा नाही आला. सुंदर दिसावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही, आणि आपण रागावतो म्हणूनच पोरी लपवतात.

कुणाला करायचंच असेल तर नोंदणी असलेल्या त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जन डॉक्टरांकडेच जा. पोटात बाळ असेल किंवा अंगावर पाजत असाल तर नको. सिरिंजचं सीलबंद पाकीट समोर फोडायला सांगा, नाव आणि मुदत वाचा, विरघळवायचं औषध आहे का ते तोंडावर विचारा. डॉक्टर चिडले तर उठून या. फिलर काही महिन्यांनी उतरतं, मग परत पैसे. कर्ज काढून तर नकोच.

नंतर कातडी पांढरी पडली, जाळीसारखे जांभळे डाग आले, फार दुखलं, अंधारी आली, एका डोळ्याने दिसेना, बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट बघायची नाही. ज्यांनी केलं त्यांना फोन करा, आणि लगेच मोठं रुग्णालय गाठा. गाडी नसेल तर १०८.

आता अर्ज. खुर्ची, हीटर, आरसा याला माझा हात वर आहे. पेन खोडा. तिच्या गिऱ्हाइकाचा डोळा गेला तर हप्ता गट भरेल, पण पोलीस ठाण्यात ती एकटी उभी राहील. ती इथेच बसली आहे, तिला काय म्हणायचंय ते आता तिने बोलावं.