मुरणारे पाणी : जोयडा तालुक्याच्या भूमीविषयी काही विचार



गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे. माझा व्यवसाय भूदृश्यरचनेचा. भूदृश्यरचना म्हणजे बागा आखणे, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो अगदीच खोटा नाही. परंतु उतार, माती, झाड आणि पाणी यांचा परस्परांशी चाललेला व्यवहार समजून घेऊन तेथे माणसाने काय करावे आणि काय करू नये हे ठरविणे, हे या शास्त्राचे मूळ काम होय.

गुरुजी आम्हांला भूगोल शिकवीत. सातवीत असताना त्यांनी तालुक्याचा नकाशा काढावयास सांगितला होता. आम्ही सर्वांनी काळी नदी निळ्या रेघेने काढली. माझी वही पाहून त्यांनी विचारले, "तुमच्या घरामागच्या झरीचे पाणी कुठे आहे यात?" मी म्हणालो, ते नकाशात मावत नाही. त्यांनी मला एक मोठा कागद दिला. तो नकाशा मी कधी पुरा केला नाही. आज जे सांगणार आहे, ते त्या राहिलेल्या गृहपाठासंबंधीच आहे असे समजावे.

आपला तालुका पाण्याचा तालुका म्हणून ओळखला जातो. काळी नदी येथेच, डिग्गीच्या परिसरात उगम पावते आणि दांडेलीवरून वळसा घेऊन, घाट उतरून, कारवारजवळ समुद्रास मिळते. कॅसलरॉक हे राज्यातील अतिपर्जन्याच्या ठिकाणांपैकी एक. तेथून पूर्वेस हल्याळकडे जाऊ लागलो की चाळीस-पन्नास किलोमीटरांच्या अंतरात पाऊस निम्म्याहूनही कमी होतो. एवढ्या थोड्या अंतरात एवढा फरक, त्यामुळे एका वाडीचा उपाय पुढच्या वाडीस लागू पडेलच असे नाही.

काळी आणि पांढरी यांच्या संगमावर जुने सुपा गाव वसलेले होते. तालुक्यालाही त्याचेच नाव होते. १९८० च्या दशकात पूर्ण झालेल्या, १०१ मीटर उंचीच्या धरणाने ते गाव पोटात घेतले. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींची घरे त्या पाण्याखाली आहेत. त्यांच्यासमोर धरणाविषयी अधिक बोलणे मला शोभणार नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की, सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा अशा धरणांच्या मालिकेने काळी नदी वीजनिर्मितीच्या हिशेबात चोख बसविली, परंतु त्या हिशेबात पाणी म्हणजे नदीच्या पात्रातील पाणी एवढेच धरले गेले. तालुक्यात एवढा मोठा जलाशय असताना डोंगरावरच्या वाडीतील बाई वैशाखात घागर घेऊन दूर जाते, याचा उलगडा त्या हिशेबातून होत नाही. जलाशय खाली आहे आणि वाडी वर. तिचे पाणी डोंगराच्या पोटातून येत असते.

आता यात हवामानबदलाची भर पडली आहे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या व्यापक घटना १९५० ते २०१५ या काळात जवळजवळ तिपटीने वाढल्या. संततधार कमी आणि मारा अधिक, असे याचे साधे रूप. संततधार मुरते, मारा वाहून जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कद्रा धरणातून सोडलेल्या पाण्याने खालची गावे बुडाली, हे आपण पाहिले आहे. पुराचे पाणी आणि वैशाखातील टंचाई ही मला दोन वेगळी संकटे वाटत नाहीत. जे पाणी श्रावणात अंगावर आले, त्यातलेच काही चैत्रात झरीला यावयाचे होते.

हे केवळ माझे म्हणणे नव्हे. आपल्याच जिल्ह्यातील पाणलोटांवर जगदीश कृष्णस्वामी, माइक बोनेल आदी संशोधकांनी अनेक वर्षे मोजमापे घेतली. ऱ्हास पावलेल्या, तुडविलेल्या रानातून पावसाचे पाणी सर्वांत अधिक वाहून जाते आणि भूगर्भात सर्वांत कमी उतरते. नैसर्गिक जंगलात याच्या उलट घडते, असा त्यांचा निष्कर्ष. बाभळीच्या जातीतील ॲकेशियाच्या लागवडी या दोहोंच्या मध्ये पडतात. झाडे लावली की पाणी आले, इतके हे सोपे नाही. पायाखालची माती भुसभुशीत आहे की ठोकळा झाली आहे, त्यावर बरेच ठरते.

पाणी असे वाहत्या रेघेबाहेर शोधण्याचा विचार आमच्या शास्त्रात अलीकडे बळावला आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर अनुराधा माथूर आणि दिलीप दा कुन्हा या दोघांनी मुंबईच्या भूमीचा नव्याने अभ्यास करून २००९ साली तो 'सोक' या प्रदर्शनातून आणि ग्रंथातून मांडला. जमीन येथे संपते आणि पाणी येथे सुरू होते, ही रेघ नकाशा काढणाऱ्याने ओढलेली असते, असे त्यांचे प्रतिपादन. म्हणून त्यांनी वरून पाहिलेल्या नकाशाइतकाच भर भूमीच्या उभ्या छेदांवर दिला. नेदरलँड्ससारख्या बांध घालण्यात निष्णात देशानेही २००६ नंतर तिसाहून अधिक ठिकाणी बांध मागे घेऊन, पात्र रुंद करून नदीला पसरावयास जागा करून दिली. सिक्कीमने २००८ पासून 'धारा विकास' या नावाने आटणारे झरे जिवंत करण्याचे काम हाती घेतले. तेथे झऱ्यापाशी खणत न बसता, त्याला पाणी पुरविणारा उतार वर कुठे आहे याचा आधी शोध घेतला गेला.

हे शहाणपण आपल्याकडे नव्हते काय? सुपारीच्या बागाईतदाराला विचारा. बागेला लागणारा पाला ज्या डोंगरउतारावरून येतो, त्या 'बेट्टा'शिवाय बाग अपुरी, हे त्याला ठाऊक आहे. बागेतील चर पावसाळ्यात पाणी काढतो आणि पाल्याचा थर उन्हाळ्यात ओल धरतो. आपल्या कुणबी बांधवांच्या परसातील कंदांचे प्रकार पाहा. जोयड्यात त्यांचा मेळाच भरतो. नांगरट न करता, झाडांच्या सावलीत, उताराची माती न हलविता निघणारे हे अन्न आहे. देवराईचे तर सांगावयासच नको. मात्र जुने ते सारे योग्य, असे म्हणणारा मी नव्हे. बेट्ट्यावर पाल्यासाठी फांद्यांची अतोनात छाटणी झालेली मी पाहिली आहे, आणि तेथे खालची झरीही क्षीण झालेली आहे.

येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. पंचवीस वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका गावी मला व्हाळाच्या काठाची सुधारणा करण्याचे काम मिळाले. चिखल होतो, डास होतात, अशी तक्रार होती. मी व्हाळाचा तळ आणि काठ दगड-सिमेंटने बांधून दिला. फार देखणे काम झाले. मी त्याची छायाचित्रे कित्येकांना दाखवीत असे. दोन वर्षांनी त्याच गावी गेलो, तेव्हा एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला हाताला धरून खालच्या अंगाच्या विहिरीपाशी नेले. वैशाखापर्यंत पाणी देणारी ती विहीर फाल्गुनातच तळाला गेली होती. ते काही बोलले नाहीत. त्या छायाचित्रांचा संच मी अजून जपून ठेवला आहे, परंतु आता दाखवितो तो विद्यार्थ्यांना.

उलट बाजूही सांगावयास हवी. पाणी मुरवा, असा सरसकट मंत्रही घातक ठरू शकतो. जुलै २०२१ मध्ये शेजारच्या यल्लापूर तालुक्यातील कळचे येथे डोंगर खचला. जेथे उतार तीव्र आणि मातीचा थर जाड, तेथे आडवे चर खणून पाणी कोंडणे म्हणजे दरडीला आमंत्रण. तेथे पाणी सावकाश पण निश्चितपणे बाहेरच काढले पाहिजे. कोठे मुरवावे आणि कोठे काढावे, हे चालून, खणून, एक पावसाळा पाहूनच कळते. म्हणून मी या पद्धतीस शोधाची पद्धत म्हणतो. थोडे करावे, पाहावे, चुकले तर मोडता येईल असेच करावे.

शेवटी घरच्या प्रश्नाकडे येतो. शाळेमागची टेकडी कापून मैदान सपाट करावे आणि तिचे पाणी सिमेंटच्या गटारातून रस्त्याकडे काढावे, अशी सूचना व्यवस्थापनापुढे आहे, आणि तिच्यावर माझे मत मागविले आहे. ते मी आपणां सर्वांसमोरच देतो. टेकडी कापू नये. शाळेची विहीर आणि खालच्या वाडीची झरी या दोहोंचे पाणी बहुधा त्याच उतारातून येते. मैदान खालच्या अंगास, दोन पायऱ्यांत करावे. मधला बांध सुक्या दगडांचा असावा. वरच्या झाडांखालचा पालापाचोळा झाडून जाळू नये. यात मैदान लहान होईल. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना एका बाजूची सीमारेषा जवळ पडेल, आणि माझ्यावर त्यांचा राग राहील. तो मी पत्करतो.

'बहुधा' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. खात्री करून घेण्यास एक दहा लिटरची बादली आणि एक घड्याळ पुरे. या कार्तिकापासून जेष्ठापर्यंत दर रविवारी नववीच्या मुलांनी झरीखाली बादली धरावी आणि ती किती सेकंदांत भरते ते वहीत लिहावे. विहिरीचे पाणीही दोरीला गाठी मारून मोजावे, आणि शेजारी पावसाची नोंद ठेवावी. निदान दोन उन्हाळे अशी वही भरेपर्यंत व्यवस्थापनाने टेकडीला कुदळ लावू नये, एवढी माझी विनंती आहे. वही मी सोबत आणली आहे. ती आता मुख्याध्यापकांच्या हाती देतो.