आमची राहिलेली हजेरी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत मी दोनच मिनिटांत भाषण विसरून खाली बसले होते. म्हणून आज लिहून आणलं आहे.

आपण २०१५ ला दहावी झालो, २०१७ ला बारावी, आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाला आलो ते नेमके २०२० मध्ये. त्या मार्चमध्ये आम्ही मुली कॉलेजच्या निरोप समारंभाला कोणत्या रंगाच्या साड्या नेसायच्या ते ठरवत होतो. तेवढ्यात ३१ मार्चपर्यंत सुट्टी जाहीर झाली. पंधरा दिवसांत परत येऊच, म्हणून फुलंब्रीच्या बसमध्ये चढताना मैत्रिणींचा नीट निरोपही घेतला नाही. त्यातल्या काही जणी मला आजपर्यंत भेटलेल्या नाहीत.

पुढं काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. जूनमध्ये राज्य सरकार म्हणालं, अंतिम वर्षाची परीक्षा नको. ६ जुलैला यूजीसी म्हणालं, घ्यावीच लागेल. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, परीक्षेशिवाय पदवी नाही. परीक्षा झाली ऑक्टोबरमध्ये. आमच्या वावरात तेव्हा मक्याची सोंगणी चालू होती. घरात रेंज नव्हती, म्हणून विहिरीजवळच्या लिंबाखाली बाज टाकून मी मोबाईलवर पेपर दिले. पुस्तक शेजारी होतं, आणि ते मी उघडलंच नाही, असं गुरुजनांसमोर म्हणणार नाही. सर, हसू नका.

त्याच वर्षी २३ ऑगस्टला आयआयटी मुंबईनं पदवीदान समारंभ केला. विद्यार्थ्यांच्या संगणकावरच्या प्रतिमांना संचालकांच्या प्रतिमेनं पदव्या दिल्या. टीव्हीवर ते बघून माझी आई म्हणाली, "तुमचं असं काही नाही का गं?" आमचं प्रमाणपत्र पुढं कॉलेजच्या खिडकीतून मिळालं. सही केली, दोन झेरॉक्स काढल्या आणि घरी आले.

नोकरी शोधायला लागलो तेव्हा कळलं की आपल्याला एक नाव पडलं आहे, 'कोरोना बॅच'. आपल्या वर्गातल्या एका मित्राला मुलाखतीत विचारलं, "म्हणजे घरबसल्या पास ना?" सहापैकी पाच सेमिस्टर तो हॉलमध्ये बसून, पेपर लिहून पास झाला होता. पण त्या दिवशी त्याला हे बोलता आलं नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्याचे वडील गेले. त्यानंतर तो पदवीचं प्रमाणपत्र आणायलाही गेला नाही. हे मी त्याला विचारूनच सांगते आहे.

२०२२ च्या गुढीपाडव्याला निर्बंध उठले, आणि आपल्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "आपणच करू या की पदवीदान." कॉलेजं सगळ्यांची वेगळी होती, एकत्र येण्यासारखी जागा एकच, ही शाळा. पेरण्यांच्या आधी, मे महिन्यातला एक रविवार ठरला. आम्ही अकरा जण होतो. गाऊन नव्हते, मांडव नव्हता. दहावीचाच वर्ग झाडून घेतला आणि बेंचवर आईवडिलांना बसवलं. माझी आई पहिल्यांदाच बेंचवर बसली. एवढ्या लहान बेंचवर तुम्ही तिघी तिघी कशा मावायच्या, हाच तिचा पहिला प्रश्न.

आपल्या वर्गशिक्षक सरांनी एकच अट घातली होती, नावं मी हजेरीसारखी घेणार. तशीच घेतली. आधी आपलं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. त्या मित्राची पाळी आली. त्याच्याकडं प्रमाणपत्र नव्हतं, नुसत्या गुणपत्रिका होत्या. सरांनी त्याचं नाव घेतलं, वडिलांचं नाव थोडं थांबून, मोठ्यानं घेतलं. तो "हजर सर" म्हणाला, पण आवाज फुटला नाही. मागच्या बेंचवरून त्याची आई उठली आणि म्हणाली, "हजर आहे सर." सरांनी गुणपत्रिका तिच्या हातात दिल्या.

त्यानंतर भाषणं ठरली होती, ती कुणी केली नाहीत. आम्ही सगळे जेवायला बसलो.

पुढच्याच आठवड्यात तो शहरात जाऊन प्रमाणपत्र घेऊन आला. पदवी त्याची आधीपासूनच होती. पण ती ज्यांच्या कष्टावर मिळाली, त्यांच्यासमोर कुणी त्याचं नाव घेतलं नव्हतं. मला वाटतं, समारंभ एवढ्यासाठीच असतो, आणि म्हणून तो दोन वर्षं उशिरा झाला तरी चालतो.

आता शाळेला एक विनंती. २०२१ ची दहावीची मुलं आठवा. त्यांची परीक्षाच रद्द झाली, निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला. निरोप समारंभ नाही, शेवटच्या दिवसाचा फोटो नाही. 'ढकलपास' हा शब्द मात्र वाट्याला आला. त्यांना एकदा बोलवा. आईवडिलांना बेंचवर बसवा आणि हजेरी घ्या. जेवणाचा खर्च आमची बॅच करील, आणि वर्ग झाडायलाही आम्हीच येऊ.

सर, या वेळी भाषण विसरले नाही, याची नोंद घ्यावी.