अ‍ॅग्रीमेंटवर नाव कुणाचं?

(परळ येथे, मुंबईत नव्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



आधी एक कबुली देतो. मुंबईत आल्यावर पहिली पावणेदोन वर्षं मी ज्या खोलीत राहिलो, तिच्या कागदावर माझं नावच नव्हतं.

मी चिपळूणकडचा. माटुंग्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, होस्टेल मिळालं नाही. अब्बा म्हणाले, दादर, परळ, लालबाग, सगळी कोकणातलीच माणसं, खोलीची काय चिंता? फोनवर एजंटही खूश व्हायचा. "कोकणातले का? वा!" मग नाव विचारायचा. नाव सांगितलं की खोली नेमकी पाच मिनिटांपूर्वी गेलेली असायची. शेवटी वर्गातला एक मित्र म्हणाला, "खोली माझ्या नावावर घेऊ, तू मागून ये." तसंच केलं. मालक आला की मी पाहुणा! चौथ्या सेमिस्टरच्या परीक्षेच्या तोंडावर मित्राला घरच्या अडचणीमुळे गावी जावं लागलं आणि आठ दिवसांत मीही रस्त्यावर. डिपॉझिटमधला माझा वाटा मिळायला चार महिने लागले. पासपोर्टसाठी पत्त्याचा पुरावा मागितला, तेव्हा दाखवायला काहीच नव्हतं. मित्राचा दोष नव्हता. मी स्वतःच स्वतःला कागदावरून पुसलं होतं.

आता स्वस्त खोलीचं बघू. गिरगाव-लालबागच्या चाळीत कॉट बेसिसवर जागा मिळते. गिरणीच्या काळात एका खोलीत तीन पाळ्यांची माणसं राहायची, त्याचंच हे आजचं रूप. पण ती स्वस्त का, हे समजून घ्या. १९४७ च्या भाडे कायद्याने बहुतेक जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्यातून पागडी आली. पागडीवाल्याने मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवला तर त्याचीच खोली जाऊ शकते. म्हणून तो तुम्हाला कागद देत नाही. नाइलाजाने राहावं लागलं तर राहा, पण भाडं रोख देऊ नका. यूपीआयने द्या आणि 'जूनचं भाडं' असं लिहा. तेवढा तरी माग राहतो.

दादर-माटुंग्याचाच हट्टही सोडा. वडाळा, शिवडी, डॉकयार्ड रोड, कुर्ला, चेंबूर बघा. तिघांनी मिळून घर घ्या. हिशेबात फक्त भाडं धरू नका. डिपॉझिट, दलाली, खानावळ, रेल्वेचा सवलतीचा पास, सगळं धरा. पोरं डिपॉझिटलाच फसतात.

घर ठरलं की लीव्ह अँड लायसन्स करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५ वाचा. करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने नोंदणी केली नाही, तर अटींबद्दल तुमचं म्हणणं खोटं ठरेपर्यंत खरं धरलं जातं. नोंदणी आता ऑनलाइन होते. राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव त्यात घाला. "सोसायटी परवानगी देत नाही" असं मालक म्हणाला, तर सांगा की आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने सोसायटीला आधी कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. वाद घालू नका, कागद दाखवा.

आणि जिथे कायदा तोकडा आहे, तिथे तो तोकडा आहे हेही सांगतो. घटनेचं कलम १५ मुख्यतः सरकारला बांधतं. एखाद्या मालकाने नाव ऐकून फोन ठेवला, तर त्याला थेट कोर्टात खेचता येईल असा कायदा आपल्याकडे नाही. उलट २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला सभासदत्व पारशांपुरतं ठेवायला मुभा दिली. म्हणून माझा सल्ला साधा आहे, पहिल्याच फोनवर पूर्ण नाव सांगा. नकार मिळायचाच असेल तर तिथेच मिळू दे, टॅक्सीचे पैसे वाचतील. होकार देणारेही असतात. माझं दुसरं घर वडाळ्याला एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी दिलं. त्यांनी नाव विचारलं, मग विचारलं, "भांडी रात्रीच घासणार ना?"

आता थोडं कडू. माझगावला माझ्या मामूंची एक खोली आहे. गेल्या वर्षी नर्सिंगच्या दोन मुलींनी विचारलं. एक लातूरची बौद्ध, एक मालेगावची आपली. मामूंनी दोघींना नाही म्हटलं. एकीचं आडनाव ऐकून, दुसरीचं "एकट्या मुली, लोक काय म्हणतील" म्हणून. मामूंना मी माझा पहिला एजंट आठवून दिला. ते चिडले, दोन महिने बोलले नाहीत. खोली अजून बंदच आहे. तुमच्या घरात अशी बंद खोली असेल, तर आज रात्री फोन करून विचारा, ती कुणाला नाकारली आणि का.

मी इथे सातपर्यंत आहे. ज्यांच्याकडे अ‍ॅग्रीमेंटचा मसुदा आलाय, त्यांनी मोबाइलवर उघडून ठेवा. डिपॉझिट परत करण्याचं कलम आधी बघू.