मेरी ड्रेसलर

मूकपटांच्या जगात वाणीला स्थान नव्हते. जे सांगावयाचे ते मुद्रेने आणि देहाने. साहजिकच तेथील मान तरुण, सुकुमार चेहऱ्यांकडे गेला. अशा जगात थोराड बांध्याची, रूढ अर्थाने रूपहीन अशी मेरी ड्रेसलर चाळिशी उलटल्यावर आली.

कॅनडातील कोबर्ग या गावी १८६८ साली तिचा जन्म झाला. चौदाव्या वर्षी घर सोडून ती फिरत्या नाटकमंडळीत शिरली. आपल्या देहाला लोक हसतात हे तिने लवकरच ओळखले आणि त्या हसण्यावरच आपली कला उभारली. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर १९१० साली गाजलेली तिची टिली १९१४ मध्ये मॅक सेनेट यांनी पडद्यावर आणली. एकदोन रिळांच्या प्रहसनांच्या त्या काळात ‘टिलीज पंक्चर्ड रोमान्स’ सहा रिळांचा होता. पैशासाठी भाबड्या टिलीला भुलविणारा लबाड इसम होता चार्ली चॅप्लिन. पण त्या वेळी मोठे नाव मेरीचे होते.

१९१९ साली न्यूयॉर्कच्या नटांनी संप पुकारला. समूहनृत्यातील मुलींना तालमींचे वेतन मिळत नसे. त्यांच्या संघटनेचे पहिले अध्यक्षपद मेरीने स्वीकारले. पुढे तिला कामे मिळेनाशी झाली, त्यामागे हेही एक कारण असल्याचे मानले जाते. १९२४ साली तिने आत्मचरित्र लिहिले आणि स्वतःला त्याच्या नावातच ‘कुरूप पिल्लू’ म्हटले.

लेखिका फ्रान्सिस मॅरियन तिला विसरल्या नव्हत्या. १९२७ साली त्यांनी तिच्यासाठी भूमिका लिहिली. पण आयरिश वंशीयांच्या निषेधामुळे तो मूकपट मागे घ्यावा लागला. पुढल्याच वर्षी ‘द पॅट्सी’मध्ये ती आई म्हणून झळकली.

मग बोलपट आला. अनेक मूकपटतारका मावळल्या. मेरीचा रंगभूमीवर कमावलेला आवाज मात्र उपयोगी पडला. १९३० च्या ‘मिन अँड बिल’मध्ये ती बंदरावरील खाणावळीची मालकीण झाली. पोरकी मुलगी तिने वाढविली आहे. तिच्या सुखासाठी हातून खून घडतो. अखेरीस मुलगी नवऱ्याबरोबर दूर जाताना पाहून, पोलिसांच्या ताब्यातील या बाईच्या चेहऱ्यावर समाधान पसरते. बोलपटातील तो क्षण मूकपटाच्या विद्येचाच होता.

या भूमिकेला १९३१ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. १९३२ आणि १९३३ या दोन्ही वर्षी अमेरिकेतील चित्रपटगृहचालकांनी सर्वाधिक गर्दी खेचणारी म्हणून तिलाच पहिली निवडले. १९३४ च्या जुलैत, पासष्टाव्या वर्षी, कर्करोगाने तिचे निधन झाले.